पाटावर बसलेला संगणक

दसऱ्याच्या दिवशी आमच्या गल्लीत एकही पाना मोकळा सापडत नाही. मुंबई नाक्याच्या मागे गॅरेजवाल्यांची ही गल्ली आहे. एरवी तिथे सकाळपासून ठोकाठोक चालू असते. पण खंडेनवमीला प्रत्येक जण आपली हत्यारे धुऊन-पुसून पाटावर मांडतो, त्यांना गंध, हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहतो, आणि दसऱ्याच्या दुपारी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाही. वर्षभर ज्यांना आपण राबवतो, त्यांच्यापुढे आपण क्षणभर नम्र व्हावे, एवढाच या आचाराचा अर्थ. वाहनांना मात्र हा आचार ठाऊक नसतो. ती नेमकी त्याच वेळी बंद पडतात.

माझा व्यवसाय वाहनांच्या वायरिंगचा. दिवे, भोंगे, बॅटरी, चार्जिंग आणि ज्यांचे नाव मालकालाही सांगता येत नाही असे इतर सर्व विकार. माझे बालपण त्र्यंबकेश्वरी पाठशाळेत गेले. शब्दरूपे, धातुरूपे, काव्य आणि होमाचा विधी शिकून मी तिथून तारांकडे कसा वळलो, ही कथा लांब आहे आणि तिच्यात कोणालाही रस नाही असे माझी पत्नी सुमती हिचे मत असल्यामुळे ती गाळतो. पाठशाळेची एक सवय तेवढी टिकली. कोणत्याही गाडीचे काम हाती घेण्यापूर्वी मी बॅटरीसमोर डोळे मिटून हात जोडतो. नवीन गिऱ्हाईक ते पाहून हबकते. एका गृहस्थांनी तर मला मध्येच थांबवून विचारले होते, "शास्त्रीबुवा, गाडीचं काही खरं नाही का?"

खंडेनवमीचा माझा नेम गल्लीत प्रसिद्ध होण्यास एक टेम्पोवाला कारणीभूत झाला. तो पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो घेऊन निघाला होता आणि वाटेत त्याचा भोंगा अडकून अखंड वाजू लागला होता. संपूर्ण गल्लीला कानांवर हात ठेवायला लावून तो माझ्या दारात उभा राहिला. मी खुणेनेच त्याला पाटावरची हत्यारे दाखवली.

"मंग तोंडानं तरी सांगा," तो ओरडला.

पण त्या भोंग्यापुढे माझे तोंड काय चालणार? मी बॉनेट उघडायला लावून एका तारेकडे बोट दाखवले. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, खाली वाकला आणि ती तार दातांनी उपटली. भोंगा थांबला. शांततेत तो एवढेच म्हणाला, "पुढच्या टायमाला दात पूजेत ठेवू नका म्हंजे झालं." तेव्हापासून माझ्या नवमीच्या दुरुस्त्यांना गल्लीत दंतवैद्यकी म्हणतात.

आता ज्या कामाविषयी हा लेख लिहायला बसलो, त्याकडे वळतो.

पावसाळा सरत आला असता एक जुनी व्हॅन माझ्या दुकानापुढे येऊन थांबली. आतून एक तरुण स्त्री उतरली आणि तिच्यामागून डोक्यावरचा पदर सावरत एक वृद्धा. तरुणीचे नाव वैशाली. कृषी पदवीधर. वृद्धा तिच्या सासूबाई. त्यांना सर्व जण जिजी म्हणतात. मखमलाबादला त्यांची फुलशेती आहे. जिजींचे यजमान हयात असताना याच व्हॅनमधून झेंडू आणि गुलाब बाजारात नेत, आणि अजूनही तिचे दार उघडले की आधी फुलांचा वास येतो व नंतर पेट्रोलचा.

"काका, या गाडीत कॉम्प्युटर बसवायचाय," वैशाली म्हणाली.

"हल्लीच्या गाड्यांत तो असतोच. इंजिनाचा."

"तो नाही काका. टेबलावरचा. स्क्रीनसकट."

मी व्हॅनकडे पाहिले. तिचा मागचा दरवाजा सुतळीने बांधलेला होता.

वैशालीने जे सांगितले ते द्राक्षांच्या मुलखाबाहेरील वाचकांसाठी थोडे उलगडून सांगतो. द्राक्षवेलीच्या काडीवर ठरावीक अंतराने डोळे असतात. डोळा म्हणजे झोपलेली कळी. येत्या हंगामाचा घड त्या डोळ्यात आधीच सूक्ष्म रूपाने बसलेला असतो. पण सगळ्याच डोळ्यांत नव्हे. दसऱ्याच्या सुमारास छाटणी सुरू होते, तेव्हा घड असलेल्या डोळ्याच्या पुढे कात्री लावली तर घड मिळतो. अलीकडे लावली तर तो घड कापलेल्या काडीबरोबर बांधावर जाऊन पडतो. म्हणून जाणते बागायतदार छाटणीपूर्वी काड्या शहरात पाठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. त्यासाठी रांग लागते. वैशालीचे म्हणणे असे, की काडी प्रयोगशाळेत नेण्याऐवजी प्रयोगशाळा बागेत न्यावी. सूक्ष्मदर्शक तिच्याजवळ होता. त्याच्या नळीवर कॅमेरा बसवून डोळ्याचे चित्र मोठ्या पडद्यावर दाखवायचे, म्हणजे बागायतदार स्वतःच्या बागेत उभा राहून स्वतःच्या डोळ्यांनी घड पाहील. त्या चित्रासाठी संगणक हवा होता.

"दिंडोरीच्या पुढे एका गावात द्राक्षवाल्यांचा गट आहे," ती म्हणाली. "दसऱ्याला सकाळी मुहूर्तावर पहिली कात्री लावतात. त्याआधी त्यांना दाखवायचंय. पटलं तर हंगामभर सगळ्यांच्या बागा माझ्याकडे. नाही पटलं तर…"

पुढचे जिजींनी पुरे केले. "नाय पटलं तर फवारणीच्या औषधांच्या दुकानात परत. तिनं नोकरी सोडलीय ना. तो मालक लय कुजकट हाय. हिला म्हणला, जाशील तिथून परत येशील, तुझी खुर्ची ठेवतो पुसून. आता शास्त्रीबुवा, ती खुर्ची धुळीनं भरली पायजे. एवढं बघा."

वैशालीने खाली पाहिले. "आणि काका, नवीन काही घेणं जमणार नाही. जे आहे त्यातून करायचंय."

काटकसरीचे काम मला मनापासून आवडते. कुठे कमी करायचे हे ठरवताना माणसाला त्या वस्तूचा खरा स्वभाव विचारात घ्यावा लागतो. मी वैशालीला पहिल्याच दिवशी सांगितले की तारा, फ्यूज आणि वीज देणारी पेटी या तीन ठिकाणी मी काहीही वाचवू देणार नाही. बाकी सर्व ठिकाणी मी तिच्यापेक्षाही कंजूष आहे. बंद पडलेल्या एका नेट कॅफेतून तिने एक छोटा संगणक आणि एक पडदा आणला. संगणक आकाराने जाडजूड पोथीएवढा. त्याच्या वरच्या अंगाला हवेसाठी समांतर फटी होत्या. आतली माहिती साठवणारी फिरती चकती काढून मी तिथे न फिरणारी बसवून घेतली, कारण दिंडोरी रस्त्यावर जे काही फिरते ते कधीतरी घसरते.

"इन्व्हर्टर लावून टाकू ना काका, सोपं पडेल," वैशालीने सुचवले.

मी तिला समजावले. गाडीची वीज बारा व्होल्टची. इन्व्हर्टर ती घरातल्या विजेएवढी वर चढवतो आणि संगणकाची पेटी तीच वीज पुन्हा खाली उतरवते. ब्रह्मगिरीवर चढून, दर्शन न घेताच उतरण्यासारखे हे आहे. दमायला तेवढे होते. त्याऐवजी गाडीच्या विजेतून संगणकाला हवी तेवढीच देणारी एक लहान पेटी थेट जोडावी. प्रत्येक तारेला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज द्यावा, म्हणजे काही बिघडलेच तर आधी फ्यूज प्राण देतो आणि गाडी वाचते. परतीची तार लांब ओढायची गरज नसते. गाडीचे लोखंडी अंग हीच परतीची वाट असते. मात्र तिथला रंग खरवडून लोखंड उघडे करावे लागते, आणि हे न केल्यामुळे होणारे आजार बरे करण्यावरच माझ्या चरितार्थाचा मोठा भाग चालला आहे.

पहिल्या चाचणीला संगणक सुरू झाला. पडद्यावर चित्र आले. वैशालीने आनंदाने गाडीची चावी फिरवली आणि पडदा काळा झाला.

जिजी जवळ येऊन त्याच्याकडे काळजीने पाहू लागल्या. "याला चक्कर आली का ओ?"

निदान अचूक होते. इंजिन चालू करताना स्टार्टर इतकी वीज ओढतो की क्षणभर इतरांच्या वाट्याला काही उरत नाही. दिवा नुसता मंद होतो. संगणकाला मूर्च्छा येते. यावर उपाय म्हणजे संगणकासाठी दुसरी, स्वतंत्र बॅटरी. गाडी चालत असताना ती भरत राहते आणि चावी फिरवताना मधला रिले तिला पहिल्या बॅटरीपासून अलग ठेवतो. माझ्या एका गिऱ्हाइकाने बदललेली, पण अजून दम असलेली बॅटरी दुकानात होती. ती सीटखाली बसली आणि मूर्च्छा थांबली.

नंतर उन्हाचा प्रश्न आला. भर उन्हात पडद्यावर काहीच दिसेना. त्यात फक्त जिजींचा चेहरा दिसत होता आणि त्या पदर नीट करून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या यजमानांची काळी छत्री घेऊन आल्या. "ते गेल्यापास्नं कुणी उघडली नाय," एवढेच म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी तिचे कापड उसवून पडद्याभोवती आडोसा केला. त्या आडोशात डोके घातले की चित्र स्वच्छ दिसे.

धक्के राहिले. संगणक गाडीच्या तळाला घट्ट बसवला तर प्रत्येक खड्डा त्याच्या हाडांपर्यंत जातो. त्याच्याखाली रबर हवे आणि रबराखाली सपाट लाकूड. घरी एक जुना, शिसवी, एका कोपऱ्यात तडा गेलेला पाट पडून होता. त्याच्या चारही पायांना टायरच्या ट्यूबचे तुकडे लावून मी तो व्हॅनच्या मागील भागात पक्का केला आणि त्यावर संगणक पट्ट्यांनी बांधला. पडद्याला आधार नव्हता. त्याचा पाय नेट कॅफेतच मोडलेला होता. मी माझे पोथी ठेवून वाचायचे घडीचे लाकडी व्यासपीठ आणले. ते ज्या कोनात उघडते, तो कोन वाचणाऱ्याच्या मानेसाठी कोणीतरी फार पूर्वी विचारपूर्वक ठरवलेला आहे. पडदा त्यावर असा बसला की जणू त्याच्यासाठीच ते घडवले होते.

सुमती दारातून पाहत होती. "आता समई तेवढी राहिली," ती म्हणाली.

मी ते बोलणे हसण्यावारी नेले. विचार करायला हवा होता.

हल्लीच्या नव्या गाड्यांत असे काही करता येत नाही. तारा कुठून कुठे जातात ते दिसत नाही, दिसले तरी हात पोचत नाही, आणि पोचला तर गाडी मालकाच्या फोनवर माझी तक्रार करते. मालकही जवळ उभा राहत नाही. किल्ली देतो आणि निघून जातो. वैशाली आणि जिजी मात्र रोज येऊन बसत. पहिली तारा धरी. दुसरी झेंडूच्या माळा ओवता ओवता आम्हा दोघांना कामाला लावी. त्या दिवसांची मला अजून आठवण येते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी काम पूर्ण झाले. किल्ली देताना मी वैशालीला म्हणालो, "आजपासून हे तुझे शस्त्र. उद्या पूजा कर, परवा सीमोल्लंघन."

"पूजा मी करीन," जिजी म्हणाल्या. "हिला नीट जमत नाय. घाई करती."

नवमीला मी माझी हत्यारे पाटावर मांडली. घरी छोटा होम होता, तोही झाला. दसऱ्याच्या सकाळी मी नुकताच पूजा आटोपून बाहेर आलो, तोच व्हॅन दारात येऊन उभी राहिली. आतबाहेर झेंडू. आरशाला झेंडू, वायपरला झेंडू, सुतळीने बांधलेल्या मागच्या दरवाजाला आंब्याच्या पानांचे तोरण. त्या उत्सवातून वैशाली उतरली आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काका, चालू होतो आणि थोड्या वेळात झोपतो. तीन वेळा झालं. अकराच्या आत गावात पोचायचंय."

मी हात जोडले आणि तपासू लागलो. हात पूजेत नव्हते, त्यामुळे तेवढे चालण्यासारखे होते. फ्यूज शाबूत. दुसरी बॅटरी भरलेली. जोड घट्ट. संगणक सुरू केला तर शहाण्यासारखा सुरू झाला. पडद्यावर चित्रही आले. आम्ही सर्व जण त्याच्याकडे पाहत राहिलो. थोड्याच वेळात तो कोणतीही सूचना न देता विझला.

एवढ्यात सुमती पदराला हात पुसत बाहेर आली. तिने नाक वर करून वास घेतला. "अहो, हळद कुठे तापलीय? फोडणीला टाकल्यासारखा वास येतोय."

मी संगणकावर हात ठेवला. तो तव्यासारखा तापला होता. कान लावला. आतला पंखा, जो एरवी मंद गुणगुणत असतो, तो पूर्ण मौनात होता. फटींमधून डोकावलो तर आत पिवळेजर्द काहीतरी चमकले.

"जिजी," मी शक्य तितक्या हळुवारपणे विचारले, "पूजा कशी केलीत?"

"रीतसर. हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, अक्षता वाहिल्या."

"अक्षता कुठे वाहिल्या?"

"आत." जिजींना प्रश्नच समजला नव्हता. "वरती फटी होत्या ना. मला वाटलं, दानपेटीला असती तशी जागा ठेवलीय त्यासाठी."

वैशालीने डोळे मिटले. "जिजी, किती घातल्या?"

"मूठभर. ओंजळीनं नाय. मी काय येडी हाय का?"

 वैशाली दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. ती सासूला एक शब्दही टाकून बोलली नाही, आणि त्यामुळेच जिजींच्या ते लक्षात आले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "माझ्या हातनं झालं का गं हे?"

"जिजी," मी म्हणालो, "त्याला पाटावर मी बसवले. समोर व्यासपीठही मीच मांडले. तुमच्या जागी मी असतो तर मीही अक्षता वाहिल्या असत्या, आणि कदाचित पाण्याचा हातही फिरवला असता. तेवढे तुम्ही केले नाही, हे उपकार."

"पाणी शिंपडणार होते," जिजी म्हणाल्या. "तांब्या सापडला नाय."

तांब्या ज्याने कोणी लपवला, त्याला मी मनोमन नमस्कार केला.

उपाय सोपा होता. वरचे झाकण चार स्क्रूंचे. ते काढायचे, अक्षता बाहेर काढायच्या, पंखा मोकळा करायचा. वैशाली उठली. "काका, एक स्क्रूड्रायव्हर द्या फक्त. मी करते."

मी दुकानाकडे पाहिले. पाटावर माझे सारे स्क्रूड्रायव्हर उंचीच्या क्रमाने, प्रत्येकाच्या कपाळी कुंकू, शांतपणे पडून होते.

"शेजारचा मागू," ती म्हणाली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. शेजारच्याचेही पाटावर होते. त्याच्या शेजारच्याचेही. समोरचे रफीकभाई गल्लीच्या रीतीला मान देऊन दसऱ्याला कुलूप लावतात आणि मालेगावला बहिणीकडे जातात.

"गाडीतला पाना-पकडीचा डबा?" मी विचारले.

"तो पण पूजेत," जिजी खालमानेने म्हणाल्या. "घरी. पाटावर."

वैशाली माझ्याकडे पाहत होती. ती म्हणाली असती की काका, एकदाच नेम मोडा, तर मी काय केले असते हे मला आजही सांगता येत नाही. ती तसे म्हणाली नाही. ती घड्याळाकडे पाहून एवढेच म्हणाली, "नाना वाट पाहतील का हो? मुहूर्त काही पाहणार नाही." नाना म्हणजे त्या गटाचे वडीलधारे बागायतदार.

"अहो," सुमती म्हणाली, "माझं स्वयंपाकघर काही पूजेत बसलेलं नाही." ती आत गेली आणि भाजी चिरायची सुरी घेऊन आली.

सुरीचे टोक स्क्रूच्या खाचेत बसते की नाही, हे पाहण्याआधी माझ्या मनात दुसराच प्रश्न उभा राहिला. जी वस्तू स्क्रू काढण्यासाठी वापरली ती त्या क्षणी हत्यार ठरते काय, आणि ठरत असल्यास तिची पूजा झालेली नसताना…

"विचार संध्याकाळी करा," सुमती म्हणाली.

चारही स्क्रू सुरीने निघाले. झाकण उघडले तेव्हा आत एक छोटेखानी मंगलकार्य होऊन गेल्यासारखे दिसत होते. तांदूळ, हळद, एक झेंडूची पाकळी. मोठे दाणे मी बोटांनी वेचले. पण पंख्याच्या पात्यांत जे दाणे अडकले होते, तिथे बोट जाईना. फुंकर मारली तर हळद माझ्याच डोळ्यांत आली.

तेव्हा मला वेणुधमनी आठवली. होमातला अग्नी थेट तोंडाने फुंकून फुलवायचा नसतो. त्यासाठी बांबूची एक नळी असते, तिला वेणुधमनी म्हणतात. आदल्या दिवशीच्या होमानंतर ती देवघरात भिंतीला टेकून उभी होती. मी ती आणली, तिचे टोक पंख्याशी धरले आणि आयुष्यभर अग्नी पेटवण्यासाठी जो श्वास घालवला, तो एक यंत्र थंड करण्यासाठी घातला. अक्षता उडाल्या. काही जिजींच्या पदरात पडल्या, काही माझ्या मिशीत अडकल्या. पंखा अडखळला, फिरला आणि गुणगुणू लागला.

"काका, तुम्ही सोबत चला," वैशाली म्हणाली. "वाटेत पुन्हा झोपला तर?"

उत्तरपूजा दुपारची होती. मी वेणुधमनी मांडीवर घेऊन व्हॅनमध्ये बसलो. जिजी मागे पाटाशेजारी बसल्या होत्या आणि दिंडोरी येईपर्यंत एक हात संगणकावर ठेवून त्याचा ताप पाहत होत्या. "गार हाय," दर खड्ड्याला त्या सांगत.

गावात पोचलो तेव्हा बागेच्या बांधावर दहाबारा जण जमले होते. नानांच्या हातात कात्री होती आणि तिला हळदकुंकू लावून झाले होते. व्हॅनच्या झेंडूकडे पाहून ते म्हणाले, "ताई, गाडी बागेत घालायची हाय का वरातीत?" सगळे हसले. वैशालीही हसली आणि घाईने मागच्या दरवाजाची सुतळी सोडू लागली.

"बघा ताई," नाना पुढे म्हणाले, "माझ्या बापानं पाचव्या डोळ्यावर कात्री लावायला शिकवलं. मी पण पाचव्यावरच लावतो. घड कमी आला तर म्हणतो, हवा खराब व्हती. आता तुमचं यंत्र काय म्हणतंय ते दावा."

वैशालीने त्यांच्याच वेलीची काडी घेतली, पात्याने डोळ्याचा पातळ काप केला, काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाची नळी हळूहळू खाली आणली. संगणक चालू होता. नाना छत्रीच्या आडोशात डोके घालून उभे राहिले. बाकीचे त्यांच्या खांद्यांवरून.

पडद्यावर प्रथम सारे धूसर दिसले. मग हळूहळू एक प्रचंड पांढरा शिलाखंड प्रकट झाला. त्याच्या एका टोकाला रक्तासारखा लाल डाग होता.



"आळी हाय का ही?" मागून कोणीतरी विचारले.

"आळीला पाय असत्यात," दुसरा म्हणाला. "बुरशी असंल."

"ताई," नाना गंभीरपणे म्हणाले, "हा रोग मी जन्मात बघितला नाय. माझ्या बागेत हाय का हा?"

 तेव्हा जिजी पुढे झाल्या. त्यांनी आडोशात डोके घातले, नीट पाहिले आणि डोके बाहेर काढले.

"रोग नाय ओ," त्या म्हणाल्या. "अक्षता हाय. माझ्या हातची. या दुर्बिणीची पण पूजा केली मी."

नळीच्या गळ्याशी ओल्या कुंकवाने चिकटून बसलेला एक दाणा नळी खाली येताच नेमका काचेवर पडला होता.  मग नाना हसू लागले. हसता हसता त्यांना बांधाचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसून ते म्हणाले, "तांदळाचा दाणा एवढा मोठा दिसतो म्हंजे यंत्र खरं हाय. सारा तो बाजूला. दावा आता माझा डोळा."

वैशालीने दाणा अलगद उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि नळी पुन्हा खाली आणली.  तिने पाचवा डोळा दाखवला. त्यात नुसती कोवळ्या पानांची घडी होती. सहावा दाखवला, त्यातही तेच. सातव्यात मात्र मधोमध एक फिकट, मण्यामण्यांचा, टाचणीच्या टोकाहून लहान असा आकार होता. माझ्यासारख्या अजाण माणसालाही तो ओळखू आला. तो घड होता. जे अजून व्यक्त झालेले नाही ते पाहण्याचा प्रसंग मनुष्याला क्वचित येतो. माझे हात आपोआप जोडले गेले. आणि वेणुधमनी हातातच असल्यामुळे ती शेजारच्या गृहस्थांच्या टोपीला लागली.

नाना बराच वेळ आडोशात होते. बाहेर आले तेव्हा हसत नव्हते. "म्हंजे इतकी वर्षं घड बांधावर टाकला का मी?"

"सगळ्याच वेलींवर नसेल नाना," वैशाली म्हणाली. "दर वर्षी डोळा बदलतो. म्हणून तर बघायचं."

नाना वेलीपाशी गेले. अंगठ्याने एकेक डोळा मोजत ते पाचव्यापाशी आले. तिथे त्यांचा अंगठा थांबला. बापाने शिकवलेली जागा ती. मग तो सहाव्यावर सरकला, मग सातव्यावर. त्यांनी वैशालीकडे पाहिले. तिने मान हलवली. नानांनी सातव्याच्या पुढे कात्री लावली.

काडी खाली पडताच बाकीचे आपापल्या बागांतून काड्या आणायला पांगले. नाना कात्री पुसत जिजींजवळ आले. "आजी, हंगामभर गाडी येऊ द्या. या दुर्बिणीला अक्षता वाहू नका तेवढ्या, बाकी सगळ्यांची पूजा करा."

"खुर्चीवर धूळ बसू द्या म्हणावं," जिजी माझ्याकडे पाहून म्हणाल्या. नानांना ते कळले नाही. वैशालीला कळले, आणि ती चटकन गाडीमागे जाऊन पडदा पुसू लागली, जरी तो स्वच्छ होता.

दुपारी घरी परतून मी उत्तरपूजा केली. प्रत्येक हत्यार नमस्कार करून उचलले आणि जागेवर ठेवले. तळहातातला तो तांदळाचा दाणा सुमतीने निरांजनाच्या ताटात ठेवला. शेवटी मी वेणुधमनी घेतली, तिला गंध लावले, फूल वाहिले आणि स्क्रूड्रायव्हरांच्या ओळीत, पकडीशेजारी, तिच्यासाठी जागा केली. तिने आज हत्यारांचे काम केले होते. तो मान तिचा होता. यापुढे दर खंडेनवमीला ती त्यांच्याबरोबर पाटावर बसेल, असे मी सुमतीला सांगितले.

सुमती श्रीखंड घोटत होती. तिने क्षणभर विचार केला.

"बसवा," ती म्हणाली. "पण मग पुढच्या दसऱ्याला जिजी आल्या, की फुंकणार कशाने?"